खानावळ चालू हाये

औंढा
सोमवार, ३० जून २०२५

माझी खानावळ चालू हाये. शेगडीवर वरण उकळून राहिलं, परातीत पीठ मळून ठेवलंय, ओट्यावरचा रांजण भरलेला हाये. अन् तुझ्या कंपनीचा फोन साऱ्या मुलखाला सांगून राहिला की ही खानावळ कायमची बंद झाली. कायमची. माणूस गेल्यावर लागतो तसला शब्द.

फोनवरच तुला झापलं असतं, पण तुझा नंबर तुझ्या बापानं माझ्या फोनातून दोन वर्षांमागं काढून टाकला. पत्ता आलियानं दिला. फातिमाबीची आलिया, तुझ्यासंगं दहावीपर्यंत एका बाकावर बसायची ती. तिच्याशी बोलतीस म्हणं. आमच्याशी न्हाई. ठीक हाये. कागद माझा, अक्षर माझं, चौथीपर्यंतचं हाये, वाचून घे.

गेल्या आठवड्यात सोलापूरकडचं एक जोडपं आलं. दर्शन झालेलं, कपाळाला भस्म, पोटात भूक. बाई दारात, नवरा तिच्यामागं फोनात डोकं घालून. बाई म्हणाली, "जेवायला मिळतं का हो?" म्या म्हणाले, मिळतं, या. नवरा म्हणाला, "अगं, हे बंद आहे." मी त्याच्यापुढं हातात पळी घेऊन उभी. तो फोन बघतो, मला बघतो, परत फोन बघतो.

"आजी, इथं कायमची बंद दाखवतंय."

"मी दिसते का तुला?"

"दिसता की."

"फोडणीचा वास येतो?"

"येतोय."

"मंग?"

तरी गेला. रोडवर नवं एसीचं हॉटेल झालंय, त्याच्याकडं फोनातला बाण होता, बाणामागं गेला. बाईनं वळून बघितलं. तेवढी तरी शहाणी.

तवापासून माझं काही थाऱ्यावर न्हाई. बसले की उठते, उठले की दारात जाते. दारात जाऊन बघते तर लोकं फोन तोंडापुढं धरून माझ्या दारावरून जाऊन राहिले, जसा काही इथं उकिरडा हाये.

जुबेरला विचारलं. आलियाचा भाऊ, मोबाईलचं दुकान त्याचं, आईच्या बांगड्यांच्या दुकानाला लागून. तो म्हणाला, आज्जी, आपल्या तालुक्यात निम्मे फोन नीलांबरीच्या, म्हंजे तुझ्या, कंपनीचे, स्वस्त पडतात. त्या फोनांनी पंधरवड्यामागं आतून कात टाकली. आधी फोनला काही विचारलं की एक थोरली कंपनी उत्तर शोधून द्यायची. आता थोरलीला उठवून तिच्या जागी धाकटी बसवलीय. दोघींचं वैर हाये. त्यांची मोठमोठाली नावं सांगितली त्यानं, मी थोरली-धाकटीच म्हणते, घरात भांडणं असलेल्यांना तेवढं कळतं. तर थोरलीच्या लेखी मी चालू होते. धाकटीच्या लेखी मेले.

अन् फातिमाबीचं दुकान धाकटी बराबर दाखवते, फोटोसकट. फातिमाबी येता-जाता स्वतःचंच दुकान उघडून बघते. म्हणते, "पार्वताबाई, शादी में भी ऐसा फोटू नै आया था मेरा." तिला काय, तिचं चालू हाये.

मला तर विचारायचीही पंचाईत. फोनला विचारायचं तर खानावळीचं नाव घ्यावं लागतं, अन् खानावळीला नाव तुझ्या आजाचं. ते मी तोंडानं घेत न्हाई, तुला ठावकी हाये. माझ्या वतीनं फातिमाबी घेते. ती नाव घेते, फोन म्हणतो बंद, ती फोनला शिवी देते, मंग आमी दोघी चहा पितो.

पुढच्या महिन्याच्या शेवटाला श्रावण लागतो. बारा महिन्यांची ही चूल श्रावणातल्या सोमवारांवर पेटती राहते, हे तुला सांगायला नको, तू त्याच भगरीवर वाढलीस. श्रावणातही फोन हेच बोलत राहिला तर दिवाळीला मी दाराला कडी घालते, मंग तुझ्या कंपनीचं खरं होईल.

तू तिथं हायेस. कोणाला सांगायचं त्याला सांग अन् हे नीट करून घे.

आशीर्वाद आधी लिहायचा असतो, पण आधी राग आला. आशीर्वाद.

तुझी आज्जी


औंढा
मंगळवार, ८ जुलै

पत्राला पत्रानं उत्तर द्यायची रीत हाये. तुझं उत्तर आलियाच्या फोनवर आलं. ती बिचारी ओढणी सावरत भर दुपारी पळत आली अन् माझ्यापुढं उभं राहून तिनं वाचून दाखवलं, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी: "आज्जीला सांग, शोध आमच्याकडं नसतो, तो दुसऱ्या कंपनीचा. आम्ही फक्त डिफॉल्ट ठरवतो. ज्याला नको त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बदलावं. तब्येतीला जप म्हणावं."

तब्येतीचं मी विचारलं नव्हतं.

आलियाला म्हणाले, डिफॉल्ट म्हंजे काय ते नीट सांग. ती म्हणाली, "आज्जी, तुम्ही काही न मागता जे मिळतं ते." म्हंजे आमच्याकडचं वरण. पाटावर बसलं की ताटात पडतं, कोणी नको म्हणत न्हाई, कोणी मागत बी न्हाई. "अन् मागून दुसरं मिळतं का?" "मिळतं. पण कोणी मागत नाही." बरं. आता मला समजलं तुमची नोकरी काय हाये. तुमी वाढपी हायेत.

अन् असं नको समजू की आज्जीला यातलं काही कळत न्हाई. बसस्टँडवरचा उत्तमसिंग आठवतो का, तीनचाकीवाला? यात्रेकरू उतरला की म्हणायचा, "चला, चांगल्या घरगुती जागी जेवायला नेतो," अन् इथं आणून सोडायचा. काहून? तर त्याला दुपारचं ताट माझ्याकडं. पिठलं, दोन भाकरी, ठेचा, अन् घरी न्यायला डबा. यात्रेकरूला वाटायचं, ह्याला गावातलं सगळं माहीत. त्याला माहीत फक्त त्याचं ताट. मंग रोडवरच्या हॉटेलानं त्याला पनीर दाखवलं. आता तो तिकडं नेतो. मी त्याला टोकलं तर म्हणतो, "माय, मी थोडीच कुणाचा हात धरतो? ज्याला तुमच्याकडं यायचं त्यानं मला सांगावं, मी नेतो की."

शब्द न् शब्द तुझाच. तुमच्या कंपनीला थोरली ताट द्यायची, धाकटीनं पनीर दिलं. एवढं शिकून तू बेंगळुरूला जाऊन उत्तमसिंगच झालीस.

तरी तू सांगितलंस ते केलं. जुबेरनं मला सेटिंगची वाट पाठ करून दिली. दातेरी चक्र दाब, खाली सरक, शोध असं लिहिलंय तिथं जा, धाकटीवरचा टिकला काढ, थोरलीवर लाव. आरतीसारखं पाठ झालंय. मंग म्या नेम केला: आधी फोन, मंग ताट. जो बसेल त्याचा फोन घ्यायचा, तुमच्या कंपनीचा असला तर बदलून द्यायचा. काही जणं हसले. परभणीचे एक मास्तर चिडले, म्हणाले, "आजी, तुम्ही जेवायला घालता का झडती घेता?" म्या म्हणाले, दोन्ही, पापड घ्या.

चार दिवस हेच. फातिमाबी बांगड्या भरायला आलेल्या बायांचे फोन बदलून राहिली, मला म्हणते आज दोन केले, आज चार केले. अन् काल ताट वाढता वाढता माझा हात थांबला. जे जेवायला बसले ते तर आलेच होते. त्यांचे फोन बदलून काय दिवे लावले म्या? बदलायचे ते जे आले न्हाईत त्यांचे.

तशीच पदर खोचून स्टँडवर गेले. गाडीतून उतरणाऱ्यांना म्हणाले, फोन दाखवा. पहिल्या बाईनं फोन पोलक्यात घातला. दुसऱ्यानं पोलीस कुठं हाये विचारलं. उत्तमसिंग तीनचाकीत बसून एवढा हसला की त्याला ठसका लागला. मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

तर हे तुझं सेटिंग. मुलूखभर फोन, बदलणारी मी एक अन् फातिमाबी दीड. तूच सांग, हे उत्तर झालं का?

तुझ्या बापाला ह्या पत्रांचं सांगितलं न्हाई. मागलं पत्र लिहिताना त्यानं मला बघितलं, विचारलं, "काय लिहून राहिलीस, माय?" म्या म्हणाले, किराणा. तो म्हणाला, "एवढा?" म्या म्हणाले, श्रावण हाये. खानावळ बंद दाखवते हे त्याला माहीत हाये. काही म्हणत न्हाई. हिंगोलीला हापिसात जातो, येतो, हातपाय धुतो, भाकरी मोडतो. दोन वर्षं झाली, त्याच्या तोंडून जेवढं निघतं त्यापेक्षा रांजण जास्त बोलतो.

आता आलियाकडं पाठवू नको. ती दुसऱ्याच्या घरची लेक हाये, डाकिया न्हाई.

आज्जी


औंढा
बुधवार, १६ जुलै

धाकटीला विचारल्याशिवाय राहवेना, म्हणून आज नाव घेतलं.

फातिमाबी नांदेडला गेलेली, माल भरायला. जुबेरच्या दुकानात गर्दी. मी सकाळपासून तीनदा दारात, तीनदा आत. शेवटी फोन हातात धरला अन् त्यातलं ते बोलायचं टिंब दाबलं. तोंडातून नाव निघंना. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. मंग तेच केलं. म्हणाले, "नागनाथाच्या देवळामागं नंदी बसला शांत," अन् पुढं नाव, अन् पुढं खानावळ. धाकटीनं नंदीचे फोटो दाखवले. नाव कोणाचं अन् कशासाठी, तिला काय त्याचं. दुसऱ्यांदा उखाणा सोडून नुसतं नाव घेतलं. रस्त्यावरून जाणारी गाय थांबली असं वाटलं मला. पण तिनं दाखवलं. खानावळ, तांबड्या अक्षरात कायमची बंद, अन् खाली एक फोटो बारीकसा.

तो फोटो आजवर म्या बघितलाच नव्हता. तांबडी अक्षरं बघून राग यायचा, पुढं बघायला डोळे कोणाला होते?

फोन घेऊन जुबेरकडं गेले. त्याला म्हणाले, मोठा करून दे. तो म्हणाला, "आज्जी, मी तुम्हाला सांगणारच होतो." म्या म्हणाले, कधी, माझ्या तेराव्याला? मंग बोलला. त्यानं आठवड्यामागं धाकटीला कळवलं होतं की खानावळ चालू हाये, दुरुस्त करा. धाकटीनं उत्तर दिलं, आमी तपासलं, बंदच हाये, आमच्याकडं पुरावा हाये. म्या म्हणाले, कोणी तपासलं? कोण आलं होतं तपासायला? जुबेर म्हणाला, कोणी येत नसतं, मशीन फोटो वाचतं. फोटोत बंदचा बोर्ड हाये. अन् ज्यानं फोटो टाकला त्याच्या नावाला धाकटीकडं वजन हाये, कारण औंढ्यातले पहिले फोटो सगळे त्याचेच.

"कोणाचे?"

तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा फोन पुसू लागला.

"जुबेर, म्या तुला अंघोळ घातलेली हाये. कोणाचे?"

"नीलांबरीचे."

त्यानं मला ते सगळे फोटो एकामागं एक दाखवले. तुझ्या नावाचे. म्हणाला, धाकटीचं अजून काहीच नव्हतं तवा तुमच्या कंपनीनं आपल्या लोकांना सांगितलं होतं, आपापल्या गावाकडं गेलात की दुकानांचे फोटो काढून धाकटीत टाका, म्हंजे पुढं तिला बसवायची झाली तर ती आंधळी नको. आलियाला तू सांगितलं होतंस म्हणं.

पहिला फोटो बसस्टँडचा, रसवंतीसकट. दुसरा फातिमाबीच्या दुकानाचा. ती खाली मान घालून कोणाच्या तरी हातात बांगड्या चढवून राहिली. एवढे दिवस स्वतःचा फोटो बघून मिरवते, पण काढला कोणी हे तिलाही सुचलं न्हाई. तिसरा देवळाच्या पाठीमागचा, नंदी. तिथं तू लहानपणी बसायचीस शाळा बुडवून. चौथा आपल्या गल्लीच्या तोंडाचा. अन् पाचवा आपला.

दाराला बोर्ड. पुठ्ठ्यावर तुझ्या बापाचं अक्षर: "दुःखद निधनामुळे खानावळ बंद आहे." तारीख न्हाई, कधीपर्यंत ते न्हाई. तो बोर्ड तुझा आजा गेल्यावर तेरा दिवस होता, चौदाव्या दिवशी म्या त्याच पुठ्ठ्यानं शेगडीला वारा घातला. म्हंजे फोटो त्या दिवसांतला. दुसरा होऊच शकत न्हाई.

म्हंजे तू आली होतीस.

मी दोन वर्षं साऱ्या गावाला सांगत फिरले की नातीनं आजाचं तोंड बघायला यायचं तर सोड, तेराव्याला पाणी सोडायलाही आली न्हाई. पार्वताबाईचं बोलणं म्हणून लोकांनी ते खरं मानलं. अन् तू दारापासून दहा पावलांवर उभी होतीस, फोन वर धरून.

पत्र इथंच थांबवते. अजून एक गोष्ट हाये त्या फोटोत. ती आधी विचारायची जिथं विचारायची तिथं. मंग लिहीन.


औंढा
शुक्रवार, १८ जुलै

विचारलं.

फोटोत बोर्डाखाली ओट्यावर तुझा बाप बसलेला हाये. डोक्याचं मुंडण केलेलं, खांद्यावर पंचा. म्हंजे दहावा झाल्यावरचा दिवस. अन् तो खाली बघत न्हाई, बाजूला बघत न्हाई. सरळ फोटोत बघतो. तुझ्याकडं.

काल तो हापिसातून आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. ताट वाढलं न्हाई. फोन ठेवला त्याच्यापुढं, जुबेरनं मोठा करून दिलेला फोटो लावून.

"हे काय, माय?"

"तूच सांग."

बघितलं त्यानं.

"विश्वंभर, लेकरू दारात आलं होतं. तू बघितलं होतंस?"

"व्हय."

"ओळखलं होतंस?"

"माझी लेक हाये ती, ओळखणार न्हाई?"

"मंग हाक काहून मारली न्हाई?"

त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. म्हणाला, "उठणारच होतो मी. तिनं पिशवी खाली ठेवली, मला वाटलं आता येईल. मंग फोन वर केला अन् फोटो काढला. बाप मेलेला, मी मुंडण करून बसलेलो, अन् ही फोटो काढून राहिली. मला वाटलं, ही कंपनीच्या कामाला आली, रडायला न्हाई. मी तसाच बसलो."

"अन् मला सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं होतं? आली होती अन् गेली?"

"हेच सांगायचं होतं."

एवढा बोलला. रांजण हरला. मंग न जेवता उठला अन् जाऊन ओट्यावर बसला, त्याच जागी. मी आत भांडी आपटत राहिले. माझ्या हातून एक वाटी चेपली.

आता तुझं ऐक. त्यानं तुला त्या स्थळाला नाही म्हणालीस म्हणून उंबरा चढू नको सांगितलं होतं, हे मला माहीत हाये. आजा गेल्याचं तुला त्यानं कळवलं न्हाई, आलियानं कळवलं, हेही आता कळलं. तुला वाटलं असंल, बाप दारातच बसलाय, डोळ्याला डोळा भिडवून बघतोय अन् उठत न्हाई, म्हंजे अजून तेच. त्याला वाटलं तू फोटोला आलीस. तुमा दोघांना न मागता ताटात काय पडतं ते मला चांगलं माहीत हाये. रुसवा. ज्याला नको त्यानं मागून बदलावं, पण मागतंय कोण?

फोटो काहून काढलास ते मी विचारत न्हाई. मला वाटतं ते असं, की तू उभी होतीस अन् हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. मीही काल भांडी आपटलीच की.

पण एका गोष्टीचा मला लई राग हाये अन् तो मी सांगणार. तो बोर्ड यात्रेकरूंसाठी होता. समोरचं दार यात्रेकरूंसाठी हाये. सुतकात समोर काही नसतंच, चूल पेटत न्हाई, शेजारपाजारचे भाकऱ्या घेऊन येतात ते मागच्या दारानं. फातिमाबी तेराही दिवस मागच्या दारानं येऊन गेली. त्या दाराला बोर्ड नव्हता, कडी नव्हती. मी मागंच बसले होते, परसात, लिंबाखाली. तू त्या दारानं रांगत बाहेर जायचीस. तुझी माय गेली तवापासून तुझं सगळं जाणं-येणं त्याच दारानं. अन् त्या दिवशी गिऱ्हाइकासारखी समोर उभी राहिलीस, बोर्ड वाचलास अन् परत गेलीस. त्या सोलापूरच्या माणसात अन् तुझ्यात फरक काय राहिला? तो तरी फोडणीचा वास आला म्हणाला.

औंढ्याच्या लेकरानं असं करू नये. नामदेवांना समोरून उठवलं तवा ते रुसून नरसीला परत गेले न्हाईत, देवळामागं जाऊन बसले. शेवटी देवळालाच आपलं तोंड त्यांच्याकडं फिरवावं लागलं. नंदी अजून तिथंच बसलाय मागं, तुझ्या फोटोत हाये तो. त्याचा फोटो काढलास अन् त्याच्याकडून काही शिकली न्हाईस.

असो. आता कामाचं.

जुबेर म्हणाला, "आज्जी, मीच एक उघड्या दाराचा फोटो काढून टाकतो, तुमचा पळी धरलेला. दोन-चार गिऱ्हाइकांना टाकायला लावतो. आठवड्यात चालू दाखवंल." फोन काढून उभा बी राहिला. म्या त्याला ओट्यावरून खाली उतरवलं. त्याचा हात हालतो, फोटो बरा येत न्हाई. अन् धाकटीकडं वजन तुझ्या नावाला हाये, त्याच्या न्हाई, हे त्यानंच सांगितलंय. ज्यानं बंद केली त्यानंच उघडायची असते. सुतक घरच्यानंच फेडायचं असतं, शेजाऱ्यानं न्हाई.

फातिमाबी म्हणते, "इत्ती जिद अच्छी नै, पार्वताबाई. सोमवार हात से जाएंगे." जाऊ दे. पहिला सोमवार अठ्ठावीस तारखेला हाये. भगर निवडून ठेवलीय, शेंगदाणे भाजून ठेवलेत, एवढं कोणासाठी केलं म्हणून आज दुपारी माझा मलाच राग आला. गिऱ्हाईक येवो न येवो, मी पेटवणार हाये. उत्तमसिंगला सांगून ठेवलंय की त्या दिवशी स्टँडवर एक पोरगी उतरंल, तिला काही न विचारता इकडं आणायची, मंग त्याला काय पनीर खायचं ते खाऊ दे. तो म्हणाला, "माय, तिनं रोडवरच्या हॉटेलात जायचं म्हणलं तर?" म्या म्हणाले, तर तिला गाडीतून खाली उतरव.

तुझ्या बापाला सांगितलंय की पत्र लिहून राहिले. किराणा न्हाई म्हणाले. त्यानं विचारलं, "काय लिहिलंस?" म्या म्हणाले, "तुझं तोंड." मंग तो थोड्या वेळानं परसात गेला अन् मागच्या दाराचं बिजागर कुरकुरतं त्याला तेल घालून आला. कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्यावर मी काही बोलले न्हाई, तू पण बोलू नको.

ये. मागच्या दारानं ये. आधी जेव, मंग पुढं जा अन् समोरच्या दाराचा फोटो काढ. ओट्यावर तुझा बाप बसलेला असंल. त्याला उठवायचं न्हाई, तसाच फोटोत घ्यायचा. केस आलेत आता त्याला. बोर्ड नसंल एवढं बघ. मंग तुझ्या धाकटीला तुझ्या नावानं सांग की चालू हाये.

आणि ह्या पत्राचं उत्तर आलियानं द्यायचं न्हाई, जुबेरनं न्हाई, तुझ्या बापानं तर न्हाईच, अन् फोननं अजिबात न्हाई. तू द्यायचंस, तोंडानं, परसात उभं राहून, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं.

आज्जी